ऐतिहासिक कादंबरी नायकाची वकिली करते, तपास का करत नाही? (सध्या वाचलेल्या गुन्हेकथा आणि ऐतिहासिक कादंबऱ्या)

तळटीप

सध्या माझ्या वाचनात दोनच कप्पे आहेत: खुनाच्या गोष्टी आणि ऐतिहासिक कादंबऱ्या. आलटून पालटून वाचल्यामुळे एक प्रश्न डोक्यात घर करून बसलाय, तो इथे मांडते.

सुरुवात झाली जोसेफीन टे यांच्या 'द डॉटर ऑफ टाइम'पासून (१९५१). इन्स्पेक्टर अ‍ॅलन ग्रँट पाय मोडून इस्पितळात पडलाय आणि छताकडे बघून कावलाय. वेळ जावा म्हणून कुणीतरी जुन्या व्यक्तिचित्रांच्या प्रती आणून देतं. त्यातला एक चेहरा बघून त्याला वाटतं, हा माणूस न्यायाधीशाच्या खुर्चीत शोभेल, आरोपीच्या पिंजऱ्यात नाही. चित्र निघतं तिसऱ्या रिचर्डचं, दोन कोवळ्या पुतण्यांचा जीव घेतल्याचा आरोप शतकानुशतकं ज्याच्या माथी आहे त्या राजाचं. मग खाटेवरून न हलता चारशे वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याचा तपास. सर थॉमस मोर यांचा वृत्तांत सगळे प्रमाण मानतात, पण रिचर्ड लढाईत पडला १४८५ साली आणि तेव्हा मोर होते सात वर्षांचे. म्हणजे सगळी ऐकीव साक्ष! हे वाचताना मी अक्षरशः उठून बसले.

पण पुस्तक मिटल्यावर एक गोष्ट खुपायला लागली. ग्रँटने चेहरा बघताक्षणीच निकाल दिलेला असतो. उरलेलं पुस्तक त्या निकालासाठी पुरावे गोळा करतं. अडचणीचा कागद आला की तो खोटा ठरतो, सोयीचा आला की खरा.

त्यानंतर ना. सं. इनामदारांची 'झेप' पुन्हा वाचली. नायक दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे. इनामदारांची ताकद अशी की मी त्र्यंबकजीच्या बाजूची कधी झाले ते कळलंही नाही. पण या वेळी मन दुसऱ्याच माणसापाशी अडकलं. गंगाधरशास्त्री. गायकवाडांच्या वतीने पेशव्यांशी हिशेबाची बोलणी करायला आलेला, इंग्रजांनी सुरक्षिततेची हमी दिलेला. जुलै १८१५, पंढरपूर. त्या काळच्या हकिकती सांगतात की त्या संध्याकाळी अंगात ताप असल्याचं सांगून तो देवळात जायला तयार नव्हता. त्र्यंबकजीकडून पुन्हा पुन्हा निरोप आले, शेवटी गेला. दर्शन घेऊन परतताना वाटेत मागून तलवारी चालल्या.

हा ताप आणि हे निरोप. कुठल्याही गुन्हेकथेत सगळं कथानक याच धाग्याला धरून उलगडलं असतं. निरोप कोणी पाठवला, कोणाच्या सांगण्यावरून, शेवटी हा माणूस उठला का? आपली ऐतिहासिक कादंबरी मात्र ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू घेते आणि मेलेला माणूस रस्त्यावर पडून राहतो.

तर प्रश्न असा: नायकाचं वकीलपत्र न घेता तपास करणारी ऐतिहासिक कादंबरी तुम्ही वाचली आहे का? मराठीत असेल तर फारच उत्तम.

रात्रवाचक

मस्त धागा! वाचनखूण साठवली. 'झेप' आजच कपाटातून काढतो.

शाईचा_डाग

तळटीपताई, सपशेल असहमत. कादंबरी म्हणजे काय कोर्ट आहे? 'स्वामी' वाचताना मला माधवरावांच्या प्रशासनाचा ताळेबंद नको असतो. मला तो खोकणारा, रागीट, घाईला आलेला तरुण पेशवा हवा असतो आणि त्याच्याकडे बघणारी रमा हवी असते. 'स्वामी' १९६२ ची, आजही घराघरांत वाचली जाते, ती याच जिवंतपणामुळे.

इनामदारांबद्दल म्हणाल तर त्यांनी मुद्दाम बदनाम माणसं निवडली. त्र्यंबकजी, 'मंत्रावेगळा'तला दुसरा बाजीराव, 'शहेनशहा'तला औरंगजेब. ज्यांच्या बाजूने बोलायला कुणीच नव्हतं त्यांच्यासाठी एक लेखक उभा राहिला, यात वाईट काय? उलट हे धाडस आहे. आरोपीलाही बाजू मांडायचा हक्क असतोच ना?

उलटतपासणी

तीस वर्षं फौजदारी वकिली केली आहे, त्यामुळे धाग्याच्या शीर्षकाला माझी रीतसर हरकत नोंदवून घ्या! :)

चांगला वकील अडचणीचा पुरावा लपवत नाही. लपवलेला कागद समोरचा पक्ष बाहेर काढतो, आणि मग उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून आम्ही आपल्या अशिलाविरुद्धचा सगळ्यांत वजनदार मुद्दा आधी स्वतःच मांडतो आणि त्याला उत्तर देतो. 'नायकाची वकिली' म्हणून ज्या कादंबऱ्यांवर टीका होते त्या खरं तर कच्ची वकिली करतात. शत्रू मूर्ख, फितूर काळाकुट्ट, नायकाची प्रत्येक चूक दुसऱ्या कुणाच्या तरी कानभरणीमुळे. असा बचाव पहिल्याच उलटतपासणीत कोसळतो.

शाईचा_डाग यांचा आरोपीच्या हक्काचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तोच हक्क फिर्यादीलाही द्या, एवढंच ताईंचं म्हणणं दिसतंय. गंगाधरशास्त्र्याचं वकीलपत्र घ्यायला मी तयार आहे.

पिवळी_पानं

ऐतिहासिकवाल्यांनी धागा ताब्यात घेण्याआधी गुन्हेकथांचं घोडं पुढे दामटतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळापहाड. साक्षेपी समीक्षकांनी त्यांना कधी ओसरीवरही घेतलं नाही, पण वाचायची सवय लावली ती त्यांनी. त्यांच्या पहिल्या पानावरच काहीतरी घडतं. कुणी दार ठोठावतं, कुणी किंचाळतं. ऐतिहासिक कादंबरीत पहिली पन्नास पानं सूर्योदय, नगारखाना आणि भालदार-चोपदार! अर्नाळकरांकडून वेग शिकावा आणि इनामदारांकडून माणसं, असा लेखक मिळाला तर मी त्याची सगळी पुस्तकं आगाऊ पैसे भरून घेईन.

सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास कुणाकुणाला आवडतो?

रात्रवाचक

अमर विश्वास +१. आणि फिरोज इराणी.

नवखी

मला एक मूलभूत शंका आहे. ऐतिहासिक कादंबरीत शेवट आधीच माहीत असतो. पानिपतला काय झालं ते शाळेतच कळलेलं. मग तपासाची मजा कशी येणार? गुन्हेकथेत तर खुनी कळला की पुस्तक संपलं.

भाषांतरित

नवखी, छान प्रश्न. रॉबर्ट व्हान गुलिक नावाच्या डच मुत्सद्द्याने तांग काळातल्या न्यायाधीश डी या खऱ्या ऐतिहासिक व्यक्तीवर रहस्यकथांची मालिका लिहिली. त्याआधी, १९४९ मध्ये, त्याने डीवरच्याच एका जुन्या चिनी कादंबरीचा अनुवाद केला होता. जुन्या चिनी न्यायकथांमध्ये गुन्हेगार बहुतेक वेळा सुरुवातीलाच सांगून टाकत, असं तो नोंदवतो. वाचकाला खुनी माहीत, न्यायाधीशाला नाही. मजा असते ती तो तिथपर्यंत कसा पोचतो आणि आरोपी कसा निसटायला बघतो ते पाहण्यात. विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) इतकी वाचली गेली तीही याचमुळे. निकाल पाठ असूनही प्रत्येक पानावर वाटत राहतं, अजून वेळ गेलेली नाही, अजून मागे फिरता येईल.

ज्यांना दोन्ही प्रकार आवडतात त्यांनी बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय वाचाच. त्यांचा गुप्तहेर ब्योमकेश बक्शी सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच हाताने विजयनगरच्या पार्श्वभूमीवर 'तुंगभद्रार तीरे' लिहिली आहे. अ‍ॅगाथा ख्रिस्तींनीही हा प्रयोग केला होता. 'डेथ कम्स अ‍ॅज द एंड' (१९४४) घडते प्राचीन इजिप्तमध्ये, आणि तिचा आधार आहे एका कुटुंबप्रमुखाची चार हजार वर्षांपूर्वीची खरीखुरी पत्रं. घरातली भांडणं, धान्याचे हिशेब, म्हाताऱ्याने आणलेली नवी बाई आणि तिच्यावर जळणारं सगळं घर. ख्रिस्तींनी त्यात फक्त प्रेतं घातली.

वेळापत्रक

ऐतिहासिक गुन्हेकथेत माझा जीव कालविपर्यासात अडकतो. तपासाची साधनं त्या काळची हवीत. बोटांच्या ठशांचं कार्यालय कलकत्त्यात १८९७ मध्ये सुरू झालं. त्याआधीच्या कथेत पोलिसाने पेल्यावरचे ठसे घेतले की मी पुस्तक मिटतो. सोमलाचं तसंच. सोमल खात्रीने ओळखणारी मार्श यांची चाचणी १८३६ ची. म्हणजे पेशवाईत विषप्रयोगाचा संशय घेता येईल, कुजबुज होईल, वैद्य मान हलवेल, पण प्रयोगशाळेतून सिद्ध करता येणार नाही. ज्या लेखकाला ही अडचण कळते त्याच्या हातात सोनं आहे.

सुजाता मॅसी यांची 'द विडोज ऑफ मलबार हिल' बघा. मुंबई, १९२१. परवीन मिस्त्री ही पारशी वकील, भारतातल्या सुरुवातीच्या महिला वकील कॉर्नेलिया सोराबजींवरून सुचलेली. एका मृत व्यापाऱ्याच्या तीन विधवा पडद्यात राहतात. पुरुष पोलीस त्यांच्यासमोर जाऊच शकत नाही, परवीन जाऊ शकते. काळाच्या बंधनातूनच तपास उभा राहिलाय, वरून चिकटवलेला नाही. त्याउलट काही पुस्तकांत नऊवारी नेसलेली पात्रं आजच्या बातमीदारासारखी बोलतात. तिथे माझं रक्त उकळतं.

पिवळी_पानं

वेळापत्रक, तुमच्या शेजारी बसून ऐतिहासिक सिनेमा बघणाऱ्याला शौर्यपदक द्यायला हवं :D

वेळापत्रक

घरचे मला तिकीटच काढत नाहीत :)

मोडीप्रेमी

उशिरा आलो, पण मूळ प्रश्नावर बोलतो. तळटीप, तुम्ही गंगाधरशास्त्र्याचं नाव घेतलंत म्हणून फार बरं वाटलं. त्याच प्रकरणाचा पुढचा भाग तर कुठल्याही रहस्यकथेला मागे टाकेल. त्र्यंबकजीला इंग्रजांच्या ताब्यात द्यावं लागलं, ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं, पहाऱ्याला गोरे शिपाई. का, तर देशी शिपायांना फितवलं जाईल ही भीती. १८१६ मध्ये तो पळाला. किल्ल्यातल्या एका साहेबाकडे मोतद्दार म्हणून राहिलेला माणूस खिडकीखाली घोड्याची निगा करता करता मराठीत गाणं म्हणायचा, आणि पळून जाण्याचा बेत त्या गाण्यातून आत पोचायचा. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं. जी खबरदारी घेतली तिच्यातूनच वाट निघाली!

आता मराठी इतिहासातले दोन खटले सांगतो, ज्यांवर तपासकादंबरी व्हायलाच हवी.

पहिला अर्थातच नारायणरावाचा खून. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, गणेशोत्सवाचे दिवस, भरदुपार. गारद्यांनी मारलं हे उघड आहे, तिथे रहस्य नाही. सुमेरसिंग, तुळाजी पवार ही नावं सगळ्यांना पाठ. खरा प्रश्न वरचा आहे. कोणाला किती माहीत होतं आणि कधीपासून? 'ध'चा 'मा' या गोष्टीने आपण तो प्रश्न एका अक्षरावर उरकून टाकला आणि झोपलो. रामशास्त्र्यांनी चौकशी केली आणि राघोबादादांना दोषी धरलं. पण चौकशी चालू असताना त्या वाड्यातल्या माणसांचं काय होत असेल ते डोळ्यांसमोर आणा. ज्याच्याकडे चौकशीचा रोख आहे तोच आता पेशवा. साक्ष द्यायला येणारा नोकर त्याच्याच पगारावर. नारायणरावाची बायको गंगाबाई गरोदर. मुलगा झाला तर गादीचा वारस, न झाला तर सगळा डाव उलटा. सवाई माधवराव जन्मले एप्रिल १७७४ मध्ये. म्हणजे मधले महिने एका न जन्मलेल्या मुलावर दोन पक्षांचं सगळं राजकारण टांगलेलं. शिवाय बारभाईंनाही (राघोबाविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनाही) राघोबा दोषी असणं सोयीचंच होतं. त्यामुळे तपास करणाऱ्याने दोन्ही बाजूंच्या साक्षी तावून घ्यायच्या. हे सगळं असताना आपण लिहितो काय, तर 'काका, मला वाचवा'.

दुसरा खटला भाऊसाहेबांच्या तोतयाचा. पानिपतात पडलेले सदाशिवरावभाऊ म्हणून एक माणूस उभा राहतो. त्याला मानणारे हजारोंनी जमतात, कोकणातले किल्ले त्याच्या हाती जातात. शेवटी पकडून चौकशी होते आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड दिला जातो. आणि इकडे पार्वतीबाई, ज्यांनी नवरा गेला हे मानलंच नव्हतं. त्या माणसाला ओळखायचं कसं? चेहऱ्यावरून, सवयींवरून, फक्त भाऊंनाच ठाऊक असेल अशा एखाद्या गोष्टीवरून? आणि ज्यांनी त्याला 'ओळखलं' त्यांनी खोटं सांगितलं, की त्यांना खरंच तसं वाटलं? इनामदारांनी 'शिकस्त'मध्ये पार्वतीबाईंना केंद्रस्थानी आणलं, ते मला फार मोलाचं वाटतं. पण तोतयाची चौकशी चौकशी करणाऱ्याच्या नजरेतून कुणीतरी लिहावी.

तळटीप

मोडीप्रेमी, हा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. गरोदर बाईच्या पोटातल्या मुलावर टांगलेला तपास! वाड्यातल्या चौकशीचा लेखनिक निवेदक असेल तर? सगळं लिहून घेणारा, स्वतः काहीच न बोलणारा.

शाईचा_डाग

हे मात्र मी रात्र जागून वाचेन.

तरीही माझा मुद्दा सोडत नाही. नायकाच्या अगदी जवळ उभं राहूनही लेखक प्रामाणिक राहू शकतो. हिलरी मॅन्टेलची 'वुल्फ हॉल' आणि 'ब्रिंग अप द बॉडीज' घ्या. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल, त्याच्या खांद्यावरून आपण सगळं बघतो. त्याची मुलं-बाळं, त्याचं दुःख, त्याचा धनी कार्डिनल वुल्झी याच्यावरची त्याची माया. वुल्झी गेल्यावर दरबारात एक सोंग निघतं. चौघं जण कार्डिनलचं सोंग हातापायांना धरून फरफटत नरकात नेतात आणि सगळा दरबार खदखदून हसतो. क्रॉमवेल बघत असतो. दुसऱ्या पुस्तकात राणी अ‍ॅन बोलिनवर व्यभिचाराचा खटला उभा राहतो तेव्हा तो आरोपी कोण निवडतो? तेच चौघे. कोणाचे हात कुठे होते ते त्याने लक्षात ठेवलंय. आणि आपण, त्याच्यावर प्रेम करणारे वाचक, मनातल्या मनात म्हणतो की बरं झालं. मग एकदम कळतं की आपण कशाला हो म्हणतोय. खोटा खटला रचणाऱ्याच्या डोक्यात बसून मी तो खटला पाहिला. बाहेरून तपास करणाऱ्या कुठल्याही हुशार डिटेक्टिव्हने मला हे दिलं नसतं.

उलटतपासणी

शाईचा_डाग, उत्तम उदाहरण. त्याला जोड देतो. सी. जे. सॅन्सम यांची 'डिझोल्युशन' (२००३), काळ १५३७. मॅथ्यू शार्डलेक हा पाठीला कुबड असलेला वकील (अखेर आमच्यातला एक नायक!). मठात खून झालाय आणि तपासाला पाठवणारा आहे हाच क्रॉमवेल. शार्डलेक नव्या धर्मसुधारणेवर मनापासून विश्वास ठेवणारा. तपास करता करता त्याला कळत जातं की आपला साहेब पुरावा शोधत नाही, तयार करतो. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचा. एकाच माणसाची आतली बाजू आणि त्याच्या हाताखाली काम करणाऱ्याची भीती, दोन्ही दिसतात. मला विचाराल तर खरी साक्ष दोन्ही पुस्तकं मिळून पूर्ण होते.

रात्रवाचक

दोन्ही यादीत टाकली. 'द नेम ऑफ द रोज' कुणीच कसं काढलं नाही अजून?

भाषांतरित

काढतोच. पुढे रहस्यभेद आहे, वाचायची असेल तर हा प्रतिसाद ओलांडून जा.

उम्बेर्तो एकोंची ही कादंबरी १९८० ची. १३२७ सालचा उत्तर इटलीतला मठ, सात दिवस आणि एकामागून एक मृत्यू. तपास करणाऱ्या विल्यम या भिक्षूला वाटतं की हे मृत्यू बायबलमधल्या जगाच्या अंताच्या वर्णनाच्या क्रमाने होताहेत. त्या सूत्राचा माग काढत तो शेवटी अपराध्यापर्यंत पोचतो, आणि मग कळतं की असं सूत्र कुणी आखलेलंच नव्हतं. चुकीच्या तर्काने तो बरोबर दारात उभा राहिला. तळटीप यांच्या ग्रँटच्या बरोबर उलट. ग्रँटला आपल्या निकालाबद्दल शंका येत नाही, विल्यम निकाल लागल्यावरही स्वतःचा तर्क तपासतो. मी तरी विल्यमच्या बाजूचा.

वेळापत्रक

सहमत. जाता जाता, तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरला गाड्यांच्या तळाखाली सापडला. पाठीचा कणा वाकडा होता. म्हणजे कुबड्याची दंतकथा अतिशयोक्त असली तरी अगदीच हवेतली नव्हती. टे यांच्या कादंबरीनंतर साठ वर्षांनी पुरावा आला, आणि पुतण्यांचं काय झालं याबद्दल त्या हाडांनी एक अक्षर सांगितलं नाही.

नवखी

मला आता काय आधी वाचू ते कळेनासं झालंय! मराठीतलं एकच सांगा ना, ज्यात नायकाची आरती नाही.

मोडीप्रेमी

नंदा खरे, 'अंताजीची बखर' आणि नंतर 'बखर अंतकाळाची'. डोळे मिटून घ्या. सांगणारा अंताजी हा इतिहासाच्या पुस्तकात नावही न येणारा माणूस. मोठी माणसं त्याच्या नजरेच्या टप्प्यात येतात तेव्हा ती घामट, गोंधळलेली, स्वार्थी दिसतात, तशीच कधी खरी मोठीही. आणि अंताजी स्वतः सगळं खरं सांगतोय का, हेही वाचकाने ताडायचं. तळटीप यांना हवी असलेली तपासाची नजर मराठीत सगळ्यांत जवळून मला तिथेच दिसली.

आणि हे वाचून झाल्यावर 'श्रीमान योगी'ला असलेली नरहर कुरुंदकरांची पत्ररूप प्रस्तावना स्वतंत्रपणे वाचा. महाराजांबद्दल कोणते प्रश्न विचारायला हवेत ते तो माणूस एकामागून एक मांडत जातो, आणि अपार आदर असूनही एकही प्रश्न गिळत नाही. एका कादंबरीच्या दारातच असा तपासनीस उभा करणं यात रणजित देसाईंचाही मोठेपणा आहे.

तळटीप

कुरुंदकरांची प्रस्तावना! हो, अगदी हीच नजर म्हणत होते मी. आदर ठेवून प्रश्न विचारणारी. शाईचा_डाग, तुमचा क्रॉमवेलचा मुद्दा मला पटला. जवळ उभं राहण्याला माझा विरोध नाही, फक्त त्या जवळिकीने बाकीच्या माणसांवर पडदा पडू नये. मॅन्टेल तो पाडत नाही. गंगाधरशास्त्र्याला मराठीत तशी लेखणी मिळावी असं फार वाटतं.

मोडीप्रेमी, तोतयाच्या चौकशीचे कागद वाचायचे तर कुठून सुरुवात करू?

मोडीप्रेमी

गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दप्तरातले निवडक कागद छापील आहेत, ४५ खंड, म्हणजे मोडी येत नसली तरी अडत नाही. आधी विषयवारी बघून खंड निवडा. कागद वाचताना प्रत्येक पत्राच्या वर एक ओळ लिहीत जा: लिहिणारा कोण, त्याला बातमी कोणाकडून कळली, आणि ती खरी असली तर त्याचा काय फायदा. चार-दोन पत्रांतच कोण कोणासाठी लिहितोय ते दिसायला लागेल. अडलात तर इथेच विचारा.

पिवळी_पानं

आणि कुणी लिहायला घेतलंच तर पहिल्या पानावर नगारखाना नको. तोतयाला ओळखायला बोलावलेला म्हातारा नोकर दारात उभा आहे, तिथून सुरू करा.

उलटतपासणी

त्या नोकराला माझा पहिला प्रश्न: तुम्ही भाऊसाहेबांना शेवटचं किती जवळून आणि कुठल्या उजेडात पाहिलं होतं?